वर सांगितलं, म्हणजे कळवलं का?

फेब्रुवारी २००१ मधली शुक्रवारची रात्र. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या इमारतीत माईक मॅकक्वेरी नावाचा तरुण सहायक आपले बूट लॉकरमध्ये ठेवायला आला. न्हाणीघरातून आवाज येत होते. डोकावून पाहिलं तर संघाचे निवृत्त प्रशिक्षक जेरी सँडस्की दहा-बारा वर्षांच्या एका मुलाबरोबर आत होते आणि जे चाललं होतं त्याचा दुसरा काही अर्थ लावणं कठीण होतं. मॅकक्वेरी हादरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांच्या घरी गेला आणि पाहिलेलं सांगितलं. पटर्नोंनी ते क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातलं. कर्ली आणि विद्यापीठाचे उपाध्यक्ष गॅरी शुल्झ यांनी सुमारे दहा दिवसांनी मॅकक्वेरीला बोलावून घेतलं आणि बात विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यापर्यंतही पोचली.

चार पायऱ्या. प्रत्येकाने आपल्या वरच्याला सांगितलं. पोलिसांना किंवा राज्याच्या बालकल्याण खात्याला मात्र एकानेही नाही.

सँडस्की हे काही साधं प्रस्थ नव्हतं. १९७७ मध्ये त्यांनी ‘द सेकंड माइल’ ही संस्था काढली होती. घरची परिस्थिती बिकट असलेल्या, बाप नसलेल्या, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मोठ्या माणसाचा आधार मिळावा, खेळ आणि शिबिरांतून त्यांना मार्ग दिसावा, हा तिचा जाहीर हेतू. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी या कामाचा जाहीर गौरव केला. सँडस्की मुलांना सामन्यांना नेत, भेटवस्तू देत, घरी राहायला बोलावत. मार्गदर्शकाने हेच तर करायचं असतं, असं सगळ्यांना वाटे. खटल्यात ज्या दहा मुलांच्या बाबतीत आरोप ठेवले गेले, ती मुलं त्यांच्यापर्यंत पोचली ती मुख्यतः या संस्थेच्याच वाटेने.

ही बात वर चढता चढता कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखं आहे. मॅकक्वेरीने न्यायालयात सांगितलं की त्याने लैंगिक स्वरूपाचा प्रकार पाहिला होता आणि तसंच कळवलं होतं. वरच्या अधिकाऱ्यांनी मात्र नंतर सांगितलं की त्यांच्या कानावर आली होती ती नुसती ‘मस्ती’. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलापर्यंत भलतंच वाक्य पोचावं, तसं झालं. फरक एवढाच, की इथे प्रत्येकाला सौम्य शब्दच सोयीचे होते. आधी खात्याला कळवायचं ठरत होतं. मग बेत बदलला आणि सँडस्कींशीच बोलून त्यांना मुलांना इमारतीत आणू नका असं सांगावं, असं ठरलं. पुढे उघड झालेल्या ईमेलमध्ये अध्यक्ष महाशयांनी या मार्गातला धोकाही लिहून ठेवला होता: हा निरोप सँडस्कींनी मनावर घेतला नाही, तर ‘तुम्ही कळवलं का नाही’ असा ठपका आपल्यावर येईल. धोका दिसला तो संस्थेचा. सेकंड माइलच्या संचालकांनाही माहिती दिली गेली आणि त्यांनीही ती आपल्या चार भिंतींच्या आतच ठेवली.

हे प्रकरण अखेर उघडकीला आलं ते २००८ मध्ये, दुसऱ्याच एका मुलाने आणि त्याच्या आईने शाळेत तोंड उघडल्यावर. शाळेकडून खबर अधिकाऱ्यांपर्यंत गेली आणि तपास सुरू झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये सँडस्कींना अटक झाली. जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोपांत ते दोषी ठरले आणि त्यांना किमान ३० ते कमाल ६० वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये कर्ली आणि शुल्झ यांनी मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, स्पॅनियर दोषी ठरले. पीडितांना द्याव्या लागलेल्या भरपाईचा आकडा दहा कोटी डॉलरच्या पुढे गेला.

पण मुलखाला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. पटर्नोंनी कायदा मोडलेलाच नव्हता! पेन्सिल्व्हेनियाच्या तेव्हाच्या कायद्यात शाळा, रुग्णालय किंवा संस्थेतल्या माणसाने आपल्या प्रमुखाला सांगितलं की त्याची जबाबदारी संपत असे. पुढे कळवायचं काम प्रमुखाचं. ‘साहेबांच्या कानावर घातलंय’ हे वाक्य तिथे कायद्यानेच पुरेसं ठरवलं होतं. राज्याने हा नियम बदलला. २०१४ च्या अखेरीला लागू झालेल्या दुरुस्तीनुसार आता ज्याला संशय येईल त्याने स्वतः, थेट राज्याच्या हेल्पलाइनवर कळवायचं. प्रमुखाला सांगायचं ते त्यानंतर. पगार घेणारा असो वा फुकट काम करणारा, मुलांच्या नियमित उपक्रमात ज्याचा मुलांशी थेट संबंध येतो तो प्रत्येक जण या कक्षेत आला. शनिवारी सकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवणारा स्वयंसेवकही.

असं कळवण्याची सक्ती मुळात डॉक्टरांपासून सुरू झाली. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. लहान मुलांच्या क्ष-किरण चित्रांत वेगवेगळ्या वेळी मोडून सांधलेली हाडं दिसतात, आईबाप म्हणतात ‘पडला’, आणि डॉक्टर विश्वास ठेवतात. कारण आईबाप असं करतील ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही, असं त्या लेखाचं म्हणणं. पाच वर्षांच्या आत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी अशी शंका कळवणं बंधनकारक केलं. १९७४ मध्ये केंद्रीय कायदा आला. यादी वाढत गेली: शिक्षक, परिचारिका, समाजसेवक, प्रशिक्षक. काही राज्यांत तर प्रत्येक प्रौढ.

तरीही संस्था आपली वही आपल्याजवळच ठेवत राहिल्या. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संघटना १९२० च्या दशकापासून ‘अपात्र’ ठरवलेल्या स्वयंसेवकांच्या फायली ठेवत आली होती. म्हणजे माणूस धोकादायक आहे हे तिला कळत होतं, त्याला काढूनही टाकलं जात होतं, पण अनेकदा पोलिसांकडे काहीच जात नव्हतं. २०१२ मध्ये ओरेगन राज्यातल्या न्यायालयाच्या आदेशाने अशा बाराशेहून अधिक फायली लोकांसमोर आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली, त्यानंतर भरपाईसाठी आलेल्या दाव्यांची संख्या ८० हजारांच्या वर गेली.

आता आपल्याकडे.

‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम’, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. कळवण्याच्या बाबतीत तो पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या कायद्यापेक्षा पहिल्या दिवसापासूनच कडक आहे. त्याच्या कलम १९ मध्ये डॉक्टर-शिक्षक अशी यादीच नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ एवढंच म्हटलं आहे. असा गुन्हा झाल्याची जिला माहिती आहे किंवा तो घडेल अशी जिला भीती वाटते, तिने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. मुख्याध्यापक, अधीक्षक, विश्वस्त, समन्वयक ही नावं या कलमात कुठेच नाहीत. त्यांना सांगायला मनाई नाही. पण त्यांना सांगणं म्हणजे कळवणं नव्हे.

न कळवल्यास कलम २१ आहे. साध्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रमुखाला दुप्पट शिक्षा का, हे महाराष्ट्रात वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ‘आपापसात मिटवू’, ‘संस्थेचं नाव जाईल’, ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ ही वाक्यं कोणत्या खुर्चीतून येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. अल्पवयीन पीडितांची संख्या सतरा. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांवर, माहिती असूनही न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बऱ्याचदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असं न्यायालयाने म्हटलं. डॉक्टर दोषी की निर्दोष, हे या निकालाने ठरलं नाही. खटला चालवण्याआधीच गुन्हा रद्द करता येणार नाही, एवढं ठरलं. पण वेळेवर कळवण्याचं महत्त्व न्यायालयाने स्पष्ट केलं: उशीर झाला की वैद्यकीय तपासणीतला पुरावाच हातचा जातो.

त्याआधी २०१३ मध्येही महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, वसतिगृहं, बालगृहं यांच्या प्रमुखांना बजावलं होतं की मुलावर अत्याचार झाल्याचं कळल्यास गुप्तता पाळून ताबडतोब पोलिसांना कळवा. अकरा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्या विद्यार्थिनींच्या बाबतीत काय झालं, ते अजून लोकांच्या लक्षात आहे. पालक शाळेत गेले, मग पोलीस ठाण्यात गेले. तक्रार नोंदवायलाच तास न् तास लागले. २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुख्य आरोपीबरोबरच, न कळवल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवरही पोक्सोखाली कारवाई झाली. कायद्यातलं हे कलम बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

शाळेत निदान हजेरीपट असतो, मुख्याध्यापक असतो, तपासणी होते. वस्तीतल्या अभ्यासिकेत, उन्हाळी शिबिरात, क्रीडा प्रबोधिनीत, महाविद्यालयीन मुलं शनिवार-रविवारी चालवतात त्या वर्गांत काय असतं? तिथे मार्गदर्शकाला कुणी ‘सर’ म्हणत नाही. तो ‘दादा’ असतो, ती ‘ताई’ असते. हे नातंच या कामाचं भांडवल आहे. घरात जे बोलता येत नाही ते मूल ताईला सांगतं. उलट, दादाच गैरफायदा घेत असेल तर त्याच्याविरुद्ध बोलायला मुलाजवळ माणूस उरत नाही. सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं आणि बहुतेकांनी तो कुणालाच सांगितलेला नव्हता. बलात्काराच्या स्वरूपाच्या पोक्सो गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, असं पोलिसांच्या नोंदी दरवर्षी सांगतात.

२०२० च्या पोक्सो नियमांनी या बिनभिंतींच्या जागाही कक्षेत आणल्या आहेत. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, त्यात पाळणाघरं आणि क्रीडा अकादम्या आल्या, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची आणि ती वेळोवेळी पुन्हा करायची. मात्र पडताळणीचा दाखला म्हणजे खात्री नव्हे. ज्याच्यावर कधी गुन्हाच नोंदवला गेला नाही, त्याचा दाखला कोराच येणार. सँडस्कींचाही आला असता. १९९८ मध्ये एका आईने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. चौकशी झाली, पण गुन्हा दाखल न होता ती बंद झाली.

मग ताईने करायचं काय? सगळ्यात आधी, ऐकून घ्यायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडलं की मूल दुसऱ्यांदा फसतं. खोदून खोदून विचारायचं नाही. तपास हे पोलिसांचं काम. मुलाने जे शब्द वापरले तेच त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जायचं नाही. जाब विचारला की तो सावध होतो आणि मुलावर दबाव येतो. इथे पुष्कळ सज्जन संस्था चुकतात. मुलाची तक्रार त्या नोकरदार महिलांसाठी असलेल्या अंतर्गत समितीकडे पाठवतात, समिती दोघांना समोरासमोर बसवते, महिनाभराने अहवाल येतो. त्या समितीचा कायदा वेगळा आणि तो मोठ्यांच्या नोकरीच्या जागेसाठी आहे. मुलाच्या बाबतीत समितीची चौकशी पोलिसांना कळवण्याची जागा घेऊ शकत नाही.

‘पण खोटं निघालं तर?’ हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी विचारतंच. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. शिक्षा आहे ती मुद्दाम, सूडबुद्धीने खोटी माहिती देणाऱ्याला. आणि मूल चुकीचं बोललं तरी त्याला शिक्षा नाही. पुरावा गोळा करून आणायची अपेक्षाही नाही. २०१८ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कलम माणसाला स्वतः शोध घेऊन माहिती मिळवायला लावत नाही. समोर आलेली माहिती पुढे द्या, एवढंच.

पोलिसांच्या बाजूनेही बंधनं आहेत. खबर लिहून घ्यायची, तिला नोंद क्रमांक द्यायचा, देणाऱ्याला ती वाचून दाखवायची. चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवायचं नाही. बदलापूरनंतर हे सगळं कागदावरचं वाटेल, पण नोंद क्रमांक मागायचा हक्क आहे हे ठाऊक असलेला माणूस ठाण्यातून रिकाम्या हाताने परतायची शक्यता कमी होते. शिवाय १०९८ आहेच. चाइल्डलाइनचा हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आला. २०२३ पासून ही सेवा सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ शी जोडली जाऊ लागली.

सक्तीची दुसरी बाजूही आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणं बरं नाही. अमेरिकेत दर वर्षी सुमारे चाळीस लाख खबरी येतात. त्यातल्या जवळपास निम्म्या प्राथमिक छाननीतच बाजूला पडतात. उरलेल्या चौकशांत गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांचीच संख्या जास्त असते. गरिबीलाच हेळसांड समजून कळवलं जातं, अशी टीका तिथले अभ्यासक करतात. शिक्षेच्या धाकाने माणूस स्वतःला वाचवण्यापुरतं कळवतो आणि मोकळा होतो.

भारतात हा पेच वेगळ्या ठिकाणी येतो. पोक्सोने संमतीचं वय अठरा केलं, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीचं प्रेमप्रकरण कळलं तरी ताईवर कळवण्याची जबाबदारी येते. मुलीला हे ठाऊक असेल तर ती ताईला सांगणारच नाही, आणि दिवस गेले तर डॉक्टरकडेही जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात ही अडचण ओळखली. अशा संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर डॉक्टरने कळवायचं, पण मुलीच्या आणि पालकाच्या विनंतीवरून तिचं नाव उघड करायची गरज नाही, असा मार्ग काढला. ही सवलत डॉक्टरांपुरती आहे. मार्गदर्शक ताई-दादांसाठी कुणीच असा मार्ग काढलेला नाही आणि किशोरवयीन मुलामुलींत काम करणाऱ्या संस्थांना रोज भेडसावणारा प्रश्न नेमका हाच आहे. मारहाणीचं आणखी वेगळं. ती पोक्सोत बसत नाही. बापाच्या पट्ट्याचे वळ पाठीवर घेऊन वर्गात येणाऱ्या मुलासाठी १०९८ आणि बालकल्याण समिती ही दारं उघडी आहेत, पण तिथे जाणं ताईच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

कळवल्यावर मार्गदर्शकाचं काम संपतं, असंही नाही. पोक्सोच्या नियमांत ‘सहाय्यक व्यक्ती’ अशी एक तरतूद आहे. तपासापासून खटल्याच्या शेवटापर्यंत मुलाच्या सोबत राहणारं, तारखांना बरोबर जाणारं, न्यायालयात काय होईल हे आधी समजावून सांगणारं, नुकसानभरपाईचा अर्ज भरायला मदत करणारं माणूस. बालकल्याण समिती ते नेमते आणि त्याच्याकडून दर महिन्याला अहवाल मागवते. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतलं माणूसही या कामासाठी नेमता येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नेमणुका खरोखर होतात का, यावर बोट ठेवून त्यांच्या पात्रतेबद्दल, प्रशिक्षणाबद्दल आणि मानधनाबद्दल निर्देश दिले. खटला शक्यतो एका वर्षात संपावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक खटले त्याहून कितीतरी लांबतात, आणि तेवढा काळ मुलाबरोबर न्यायालयाच्या बाकावर बसायला तयार असलेली माणसं प्रत्येक जिल्ह्यात मिळवावी लागणार आहेत.